विम्याची अट ‘आपल्या स्तरावर’ सुटत नाही

प्रति,
मा. कुलगुरू, कुलसचिव, वित्त व लेखाधिकारी आणि व्यवस्थापन परिषदांचे सदस्य,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे

विषय : संशोधन अनुदानाच्या करारांतील दायित्व विम्याच्या अटी

महोदय / महोदया,

‘प्रायोजकाने मागितलेल्या विम्याची पूर्तता प्रमुख संशोधकाने आपल्या स्तरावर करावी.’ संशोधन प्रकल्पांच्या नस्त्यांवर हा शेरा आता इतका सवयीचा झाला आहे की तो लिहिताना कोणाची लेखणी अडखळत नाही. हे पत्र या एका ओळीविषयी आहे. ही ओळ कायद्याच्या दृष्टीने चूक, हिशेबाच्या दृष्टीने अशक्य आणि माणसांच्या दृष्टीने धोक्याची आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते पुढे मुद्देसूद मांडतो.

आम्ही कोण? प्रकल्प कक्षांत करार वाचणारे, अनुदानाचे हिशेब ठेवणारे, विमा कंपन्या आणि ब्रोकर यांच्याशी पत्रव्यवहार करणारे लोक. उपयोगिता प्रमाणपत्राखाली सही तुमची असते, पण त्यावरचा ऑडिट पॅरा आमच्या टेबलावर येतो. ‘विम्याचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत अनुदानाचा पुढचा हप्ता थांबवला आहे’ असा प्रायोजकाचा ई-मेल येतो, तेव्हा प्रकल्पातल्या फेलोंचा पगार किती महिने पुरेल याची आकडेमोडही आम्हीच करतो.

करार कोणाचा आहे, ते आधी पाहा

अनुदानाच्या करारावर कुलसचिवांची सही असते. प्रमुख संशोधक बहुधा ‘वाचले व समजले’ एवढ्यापुरती सही करतो. तो करारातला पक्ष नसतो. विमा ठेवण्याचे वचन विद्यापीठाने दिलेले असते. विद्यापीठाच्या नावाने विम्याचा प्रस्ताव अर्ज भरण्याचा अधिकार प्राध्यापकाला नसतो आणि त्याच्या सहीवर कोणतीही विमा कंपनी विद्यापीठाला पॉलिसी देणार नाही. मग तो काय करतो? स्वतःच्या नावाने एखादी व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी घेतो. तिचे प्रमाणपत्र प्रायोजकाकडे जाते आणि ‘विमित व्यक्तीचे नाव करारातल्या संस्थेशी जुळत नाही’ या कारणाने परत येते. पैसे गेलेले असतात, अट तशीच उभी असते.

अटीत खरोखर काय मागितलेले असते

अमेरिकी विद्यापीठामार्फत येणाऱ्या उपअनुदानात किंवा परदेशी उद्योगाच्या संशोधन करारात साधारण अशी मागणी असते : प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलर आणि वर्षभरात एकूण २० लाख डॉलर मर्यादेचा कमर्शियल जनरल लायबिलिटी, म्हणजे सीजीएल विमा (आपल्या कामामुळे त्रयस्थाला झालेल्या इजेच्या वा नुकसानीच्या भरपाईचा); प्रायोजकाचे नाव ॲडिशनल इन्शुअर्ड, म्हणजे आपल्याच पॉलिसीतला जादा विमित पक्ष, म्हणून; विमा कंपनीने प्रायोजकाविरुद्धचा वसुलीचा हक्क सोडणे; आपली पॉलिसी आधी लागू होणे, प्रायोजकाची नंतर; रद्द होण्यापूर्वी ३० दिवस सूचना; आणि ए. एम. बेस्ट या संस्थेचे ‘ए उणे’ किंवा वरचे मानांकन असलेली विमा कंपनी.

हा परिच्छेद पाहून कार्यालयात सांगतात, ‘आपली पब्लिक लायबिलिटी आहे ना, तिची झेरॉक्स लावा.’ घोटाळा इथून सुरू होतो. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ खालची पॉलिसी ही घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी कायद्याने सक्तीची केलेली वेगळी गोष्ट आहे. तिची भरपाई ठरलेल्या प्रमाणात, घातक पदार्थाच्या अपघातापुरती. सीजीएलशी तिचा संबंध नावापुरता. इमारतीच्या आगीची पॉलिसी तर मालमत्तेची असते, तिचा दायित्वाशी काही संबंध नाही. तीही नस्तीला लावलेली आम्ही पाहतो.

खरी सीजीएल किंवा या अधिनियमाबाहेरची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी असली, तरी खालच्या गोष्टी तपासल्याशिवाय ‘अटीची पूर्तता झाली’ असे लिहू नये.

अधिकारक्षेत्र. भारतात घेतलेल्या दायित्व पॉलिसीचे क्षेत्र वेगळे काही मागितले नाही तर भारतापुरते असते. परदेशातल्या न्यायालयात दावा दाखल झाला तर तिचा उपयोग नाही. ‘जगभर’ असे लिहून घेतले तरी पुढे बारीक अक्षरात ‘अमेरिका व कॅनडा वगळून’ असते. प्रायोजक अमेरिकी असेल, कराराला तिथल्या एखाद्या राज्याचा कायदा लागू असेल, तर ज्या एका देशातला दावा खरोखर येऊ शकतो तोच वगळलेला राहतो. तो समाविष्ट करता येतो, पण विम्याचा हप्ता बराच वाढतो. म्हणून कराराला भारतीय कायदा आणि भारतीय न्यायालय, किंवा निदान प्रतिवादीच्या देशाचा कायदा लावून घेणे हा विम्याचाच प्रश्न आहे. ते वाटाघाटीच्या वेळी व्हायला हवे, सही झाल्यावर नव्हे.

मर्यादेचे गुणोत्तर. आपल्याकडे पॉलिसीवर ‘एका अपघातामागे’ आणि ‘एका वर्षात’ अशा दोन मर्यादा असतात आणि त्यांचे प्रमाण १:१ पासून १:४ पर्यंत निवडता येते. प्रायोजक १० लाख आणि २० लाख मागतो, म्हणजे १:२. स्वस्त पडते म्हणून १:१ घेतली की प्रमाणपत्र परत येते. त्यात आणखी एक खाच : अमेरिकेतल्या प्रचलित सीजीएलमध्ये वकिलांचा खर्च मर्यादेच्या बाहेरून दिला जातो, तर भारतीय पॉलिसीत तो बहुधा त्याच मर्यादेतून वजा होतो. आकडा सारखा दिसतो, संरक्षण सारखे नसते.

रुपया. डॉलर ८५ रुपयांना धरला तर १० लाख डॉलर म्हणजे साडेआठ कोटी. ९० ला धरला तर नऊ कोटी. पॉलिसी रुपयांत, अट डॉलरमध्ये. नेमकी साडेआठ कोटींची पॉलिसी घेणारा विनिमय दर हलला की कराराचा भंग करून बसतो. एक तर मर्यादा वर धरा, नाहीतर करारातच रुपयांचा आकडा लिहून घ्या. दुसरा मार्ग फुकट आहे.

दावा केव्हा आला. अमेरिकी सीजीएल सहसा घटनेच्या तारखेवर चालते : अपघात पॉलिसीच्या काळात झाला, तर दावा पुढे कधीही येवो. आपल्याकडच्या व्यावसायिक दायित्वाच्या आणि बहुतेक पब्लिक लायबिलिटी पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ असतात : दावा पॉलिसी चालू असतानाच यायला हवा आणि घटना ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’ नंतरची हवी. ३१ मार्चला पॉलिसी संपली, नूतनीकरणाची टिपणी फिरत राहिली आणि नवी पॉलिसी १२ एप्रिलला निघाली, तर खंड फक्त ११ दिवसांचा वाटतो. पण कंपनी नवी रेट्रोॲक्टिव्ह डेट १२ एप्रिल लावू शकते. मग मागच्या सगळ्या वर्षांत घडलेल्या पण अजून दाव्यापर्यंत न पोहोचलेल्या घटना उघड्या पडतात. त्या ११ दिवसांत मागची सगळी वर्षे जातात.

करारातून अंगावर घेतलेले दायित्व. हा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो आणि टिपण्यांत तो कधीच नसतो. करारात ‘अनुदानग्राही संस्था प्रायोजकाला सर्व दाव्यांपासून, कारण काहीही असो, निर्धोक ठेवील’ असे कलम असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२४ ची ही हमी. पण दायित्व पॉलिसींत एक नेहमीचा अपवाद असतो : करार नसता तरी जे दायित्व कायद्याने आले असते तेवढेच आम्ही भरू, करारामुळे जादा आलेले आमचे नाही. अर्थ सरळ आहे. तुम्ही सही केलेल्या हमीचा तो जादा भाग विम्याखाली येतच नाही, तो थेट विद्यापीठाच्या निधीतून जाणार. विद्यापीठ ही कायद्याने स्वतंत्र निगम संस्था आहे. राज्य शासन आपोआप मागे उभे राहत नाही.

दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात. प्रायोजक एखादे यंत्र वापरायला देतो, ते पडते किंवा जळते. सीजीएल याचे पैसे देत नाही, कारण विमित संस्थेच्या ताब्यातली, देखभालीतली वस्तू तिच्यात वगळलेली असते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची किंवा ऑल रिस्क पॉलिसी लागते. विमा रक्कम त्याच क्षमतेचे नवे यंत्र आणण्याच्या खर्चाएवढी, वाहतूक आणि सीमाशुल्क धरून. घसारा वजा केलेल्या पुस्तकी किमतीवर विमा उतरवला तर दाव्यात त्या प्रमाणात कात्री लागते.

आणि ॲडिशनल इन्शुअर्ड. प्रमाणपत्रावर प्रायोजकाचे नाव ‘प्रमाणपत्रधारक’ म्हणून छापले की काम झाले, असे समजतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ॲकॉर्ड २५ या नमुन्यावरच छापलेले असते की हे प्रमाणपत्र केवळ माहितीसाठी आहे, त्याने धारकाला कोणताही हक्क मिळत नाही. नाव पॉलिसीच्या एंडॉर्समेंटवर, म्हणजे पॉलिसीत बदल करणाऱ्या जोडपत्रावर, यावे लागते. विमा कंपनीला पत्र पाठवताना करारातल्या कलमाचा मूळ मजकूर, प्रायोजकाचे कायदेशीर नाव व पत्ता जसाच्या तसा, प्रकल्प क्रमांक आणि सुरुवात-शेवटाच्या तारखा एवढे एकाच वेळी द्या. नाहीतर तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत नावाची एक नवी चूक शिरते.

माणसांवरच्या चाचण्या : इथे अंदाज चालत नाही

नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ मध्ये भरपाईचे सूत्र सातव्या अनुसूचीत दिले आहे. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई अशी निघते : ८ लाख × वयाचा गुणांक × जोखमीचा गुणांक ÷ ९९.३७. निरोगी स्वयंसेवकाचा जोखमीचा गुणांक ४. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा ०.५. तीस वर्षांच्या निरोगी माणसाचा वयाचा गुणांक २०७.९८. गुणाकार करून पाहा, सुमारे ६७ लाख रुपये येतात. कोष्टकातला सर्वांत मोठा गुणांक २२८.५४ धरला तर सुमारे ७३.६ लाख.

आता नस्तीवर ‘एकूण मर्यादा १ कोटी’ अशी ट्रायल पॉलिसी मंजूर होते, तीस निरोगी स्वयंसेवकांच्या चाचणीसाठी. दोन मृत्यू झाले तर सुमारे १ कोटी ३४ लाख. ही आकडेमोड करायला दोन मिनिटे लागतात आणि ती टिपणीत असायलाच हवी : प्रति व्यक्ती मर्यादा किती, एकूण किती, उपचाराचा खर्च वेगळा धरला आहे का, चाचणी संपल्यावर किती काळ दावा करता येईल.

शिवाय, अनुदान देणाऱ्या अनेक संस्था करारात स्पष्ट लिहितात की नियमांच्या अर्थाने ‘प्रायोजक’ आम्ही नाही. मग प्रायोजक कोण? संशोधकाने स्वतः उभ्या केलेल्या चाचणीत ती जबाबदारी संशोधक आणि त्याची संस्था यांच्याकडे येते, हे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. भरपाईसाठी विमा किंवा राखीव निधी असावा, असेही ती सांगतात. गंभीर प्रतिकूल घटना घडली की संशोधकाने २४ तासांत कळवायचे, १४ दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि भरपाईचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. तीस दिवसांत आपल्याकडे नस्ती आवक-जावकातून वित्त विभागापर्यंत पोहोचली तरी लोक पेढे वाटतील.

विद्यार्थी, गाड्या, ड्रोन

पीएचडीचा विद्यार्थी कर्मचारी नाही, म्हणून कर्मचारी भरपाई विम्यात तो येत नाही. तो पूर्णपणे त्रयस्थही नाही, म्हणून दायित्व पॉलिसीची व्याख्या त्याला बाहेर ठेवू शकते. प्रवेश शुल्कातून घेतलेला विद्यार्थी विमा असलाच तर अपघाती मृत्यू-अपंगत्वाचा. विद्यार्थ्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो कामाचा नाही. प्रयोगशाळेत सर्वाधिक तास उभा राहणारा माणूस अशा रीतीने तीनही पॉलिसींच्या फटीत सापडतो. उपाय कठीण नाही. पॉलिसी घेतानाच ‘विद्यार्थी, फेलो, अभ्यागत संशोधक व स्वयंसेवक’ यांचा उल्लेख विमित व्यक्तींत आणि त्रयस्थांतही मागून घ्यायचा, आणि त्यांच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढायचा.

क्षेत्रभेटीसाठी गावात मिळेल ती पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने ठरवतात, पावती ‘प्रवास’ या शीर्षात पडते. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते किंवा भरपाई देऊन मालकाकडून वसुली मागते, आणि मालक गाडी कोणी ठरवली ते सांगतो. पिवळ्या पाटीची गाडी, परवाना आणि चालू विम्याची प्रत. एवढे प्रवास देयकाला सक्तीचे करा.

ड्रोनचे त्याहून सोपे. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडून बाकी सर्वांना त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो. पिकांची छायाचित्रे घेणारा असो की फवारणी करणारा. सीजीएलमध्ये हवाई यान सहसा वगळलेले असते, तेव्हा ‘आपली मोठी पॉलिसी आहे’ हे उत्तर इथे लागू पडत नाही.

पैसा कुठून

आमच्या मते खरी अडचण इथे आहे, बाकीची सगळी टाळाटाळ हिच्यापोटी होते.

विमा हप्त्याला अंदाजपत्रकात शीर्ष नसते. म्हणून तो ‘आकस्मिक खर्च’ यात ढकलला जातो. तिथे आधीच स्टेशनरी, टपाल, दुरुस्ती आणि छपाई बसलेली असते. दायित्व विम्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याचा परतावा विद्यापीठाला बहुधा मिळत नाही. एक लाखाचा हप्ता म्हणजे १ लाख १८ हजार. प्रस्तावात एक लाख धरलेला असतो. वरचे अठरा हजार कोणी द्यायचे यावर महिनाभर टिपणी चालते.

खरेदीच्या नियमांनुसार आधी सेवा, मग देयक, मग पैसे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीचा मूळ नियम नेमका उलटा आहे : हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम सुरू नाही. त्याला ठराविक अपवाद आहेत, पण आपली संस्था त्यांत बसते असे गृहीत धरून झोपू नये. विमा हप्ता आगाऊ देण्याची कायम मंजुरी नसल्यामुळे ‘देयक प्राप्त नाही’ या शेऱ्यावर नस्ती परत येते आणि प्रकल्प तोवर विम्याविना चालतो.

अमेरिकी सरकारी पैशाच्या उपअनुदानांसाठी त्यांचे खर्चाचे नियम स्पष्ट आहेत. अनुदानाच्या अटीने मागितलेला किंवा मान्य केलेला विमा हा अनुज्ञेय खर्च आहे; त्यांच्या केंद्रीय नियमावलीचे (२ सीएफआर) कलम २००.४४७ पाहा. त्या पैशाने घेतलेल्या उपकरणांना विद्यापीठाच्या स्वतःच्या उपकरणांइतकाच विमा द्यावा, असे कलम २००.३१० म्हणते. म्हणजे मागितले तर मिळते. मात्र एकच हप्ता थेट प्रकल्पावरही टाकायचा आणि ओव्हरहेडमध्येही (संस्थेच्या सामायिक खर्चासाठी प्रकल्पातून मिळणाऱ्या रकमेत) धरायचा, हे चालत नाही. तो दुहेरी आकार होतो आणि लेखापरीक्षणात सगळी रक्कम नाकारली जाऊ शकते. संस्थेची मूळ पॉलिसी ओव्हरहेडमधून आणि एखाद्या प्रकल्पासाठीच लागणारे जादा एंडॉर्समेंट त्या प्रकल्पातून, अशी लेखी पद्धत एकदा ठरवून सगळीकडे सारखी वापरावी.

राहिला शेपटीचा प्रश्न. प्रकल्प तीन वर्षांत संपतो, उपयोगिता प्रमाणपत्र जाते, उरलेले पैसे परत जातात, खाते बंद होते. करार मात्र म्हणतो की विमा समाप्तीनंतर आणखी दोन वर्षे चालू ठेवा. चौथ्या वर्षाचा हप्ता कोणत्या खात्यातून? ‘प्रमुख संशोधकाच्या स्तरावर’ म्हणजे तोवर निवृत्त झालेल्या माणसाच्या खिशातून?

राज्याच्या विमा संचालनालयाचाही उल्लेख करायला हवा. शासकीय बांधकामांच्या निविदांत कंत्राटदाराने पॉलिसी याच संचालनालयाकडून घ्यावी, अशी अट असते. ती वाचलेल्या कोणीतरी प्रकल्पाच्या टिपणीतही तीच ओळ उतरवतो आणि सगळे थबकते. आपल्या विद्यापीठाला ती लागू आहे का, आणि परदेशी अधिकारक्षेत्रासह दायित्व विमा तिथे मिळेल का, हे संचालनालयाला एकदा लेखी विचारावे. उत्तर कायम नस्तीत ठेवावे. प्रत्येक प्रकल्पाला नव्याने तीच शंका काढू नये.

सही करण्याआधी बोलता येते

प्रायोजकाचे करार कार्यालय सगळ्यांना एकच साचा पाठवते. मोडी कागदपत्रांच्या सूचीच्या प्रकल्पाला वैद्यकीय निष्काळजीपणाचा आणि मोटार ताफ्याचा विमा मागितलेला असतो, कारण साच्यात ती ओळ आहे. तिथल्या माणसालाही ती लागू नाही हे ठाऊक असते. कोणी विचारत नाही म्हणून तो खोडत नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या आपसांतल्या उपअनुदानाच्या प्रचलित नमुन्यात तर सरळ लिहिलेले असते की प्रत्येक पक्ष, कायदा अनुमती देईल तेवढ्यापुरता, आपापल्या निष्काळजीपणाला जबाबदार राहील. त्यांच्याकडच्या अनेक सरकारी विद्यापीठांना दुसऱ्याला अमर्याद हमी द्यायला त्यांच्या राज्याचा कायदाच आडवा येतो. ती तसे कळवतात आणि प्रायोजक ते मान्य करतात. आपण मात्र संध्याकाळी पाचपर्यंत स्वाक्षरीची प्रत हवी म्हणून सगळे मान्य करतो.

मानांकनाचेही तेच. ए. एम. बेस्टचे मानांकन अनेक भारतीय कंपन्यांकडे नसतेच. त्याऐवजी ‘भारतीय विमा नियामकाकडे नोंदलेली व किमान १५० टक्के सॉल्व्हन्सी राखणारी कंपनी’ असे शब्द सुचवा; सॉल्व्हन्सी म्हणजे कंपनीची देणी भागवण्याची आर्थिक क्षमता.

आणि घटना कळवण्याची पद्धत. दायित्व पॉलिसी ‘तात्काळ’ कळवा म्हणते. प्रयोगशाळेत स्फोट झाला तर आधी विभागप्रमुख, मग चौकशी समिती, मग समितीचा अहवाल, मग कुलसचिव, मग विमा कंपनी, हा क्रम दावा घालवतो. प्रस्ताव अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या अपघातांची माहिती विचारतात. अपघात नोंदवहीच नसल्यामुळे ‘निरंक’ लिहितात. पुढे खरे निघाले तर माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्दबातल ठरवता येते. ही ‘निरंक’ ची सवय आपल्याला महागात पडेल.

आमच्या मागण्या

१. ‘प्रमुख संशोधकाने आपल्या स्तरावर’ हा शेरा विम्याच्या बाबतीत परिपत्रक काढून बंद करावा. विमा संस्थेने काढायचा, जबाबदार अधिकारी वित्त व लेखाधिकारी.

२. प्रत्येक विद्यापीठाची एक वार्षिक दायित्व पॉलिसी असावी; विद्यार्थी, फेलो आणि स्वयंसेवक तिच्यात नावानिशी धरलेले असावेत. नूतनीकरणाची टिपणी मुदतीच्या ९० दिवस आधी सुरू व्हावी.

३. विमा हप्ता आगाऊ देण्याची कायम मंजुरी व्यवस्थापन परिषदेने एका ठरावाने द्यावी.

४. ओव्हरहेडचा ठराविक हिस्सा विम्यासाठी राखावा. प्रकल्प संपल्यानंतरच्या वर्षांचा हप्ता त्यातून द्यावा.

५. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी, म्हणजे मंजुरीपत्र येण्याआधीच, प्रायोजकाचा नमुना करार प्रकल्प कक्षाने वाचावा आणि विम्याची रक्कम जीएसटीसह अंदाजपत्रकात धरावी.

६. अमर्याद हमीच्या कलमावर विधी सल्लागार आणि ब्रोकर या दोघांच्या लेखी अभिप्रायाशिवाय सही होऊ नये.

७. अपघात नोंदवही प्रत्येक विभागात आजपासून. घटना घडल्यापासून २४ तासांत विमा कंपनीला ई-मेल करण्याचा अधिकार प्रकल्प कक्षाला द्यावा. चौकशी समिती नंतर बसू दे.

सातवीला आणि पहिलीला एक रुपयाही लागत नाही; त्या या आठवड्यात होऊ शकतात. बाकीच्यांसाठी पुढच्या व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत विषय ठेवावा. प्रायोजकाला पाठवायच्या उत्तराचा मसुदा इथेच देतो, हवा तसा बदलून वापरावा :

‘आमचे विद्यापीठ सोबत जोडलेल्या पॉलिसीनुसार रुपयांत नमूद मर्यादेचा दायित्व विमा ठेवते. या प्रकल्पात वैद्यकीय सेवा, वाहनांचा ताफा किंवा माणसांवरील चाचणी नसल्याने त्यांसंबंधीच्या उपकलमांची आवश्यकता नाही, ती वगळावीत. हमीच्या कलमाऐवजी प्रत्येक पक्ष आपल्या निष्काळजीपणाला लागू कायद्यानुसार जबाबदार राहील, असा मजकूर सुचवत आहोत. पॉलिसी रद्द झाल्यास किंवा नूतनीकरण न झाल्यास आम्ही स्वतः ३० दिवसांत आपणास कळवू.’

शेवटच्या वाक्यात ‘विमा कंपनी कळवील’ असे लिहू नका; कंपनीने एंडॉर्समेंटवर तसे मान्य केले नसेल तर ते वचन पाळणे आपल्या हातात नसते.

आपले,
सार्वजनिक विद्यापीठांच्या संशोधन प्रकल्प कक्षांत करार, लेखा व विम्याचे काम पाहणारे आम्ही काही जण